पडद्यावरची रिकामी पट्टी: डोळ्यांनी चालणाऱ्या संगणकाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी नजरेवर चालणाऱ्या संगणकाचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ज्यांना हातपाय आणि वाचा साथ देत नाहीत अशा माणसांना ही यंत्रं बसवून देणं आणि ती त्यांच्या अंगवळणी पाडणं, हे गेली सतरा वर्षं माझं काम आहे. पत्रं थोडक्यात देते. उत्तरं जिथे गरज आहे तिथे लांबली आहेत.

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. दोन्ही हात गेले. बोलणं आता फक्त मला आणि मुलाला कळतं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांनी चालणारा संगणक घ्या. तो नजर ओळखतो म्हणजे नक्की काय करतो? दिवसभर डोळ्यांवर किरण पडून अपाय नाही ना होणार? आणि बोलणं पूर्ण थांबल्यावर घ्यायचा की आत्ताच?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याची घाई आहे. आत्ताच घ्या. तुमच्या यजमानांना अजून बोलता येतंय तोवर ते सांगू शकतील की पडदा जरा खाली हवा, मान अवघडली, हे बटण फार कोपऱ्यात गेलंय. बोलणं थांबल्यावर एवढंच कळायला अर्धा अर्धा तास जातो. याच दिवसांत त्यांच्या आवाजात वाक्यं ध्वनिमुद्रित करून ठेवा. नुसती 'पाठ दुखते', 'कूस बदला' अशी कामाची नकोत. ते मुलाला रागावतात कसे, तुम्हाला हाक कशी मारतात, फोन उचलल्यावर पहिला शब्द काय म्हणतात, तेही घ्या. नंतर नजरेने बटण निवडलं की तोच आवाज ऐकू येतो.

या आजारात हातापायांच्या, गिळण्याच्या, बोलण्याच्या स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. पण डोळे फिरवणाऱ्या चेतापेशी बहुतेकांमध्ये फार उशिरापर्यंत टिकतात. म्हणूनच डॉक्टरांनी नजरेवर चालणारं यंत्र सुचवलं.

आता ते चालतं कसं ते सांगते. खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जवळून बघा. बुबुळावर खिडकीचं इवलंसं चौकोनी प्रतिबिंब दिसेल. त्याला डोकं न हलवता इकडेतिकडे बघायला सांगा. मधली काळी बाहुली सरकते, पण खिडकीचा चौकोन जवळजवळ जागच्या जागी राहतो. यंत्र हेच बघतं. खिडकीच्या जागी पडद्याच्या खालच्या कडेला बारीक इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांचा प्रकाश साधारण 850 नॅनोमीटरचा असल्यामुळे डोळ्यांना खुपत नाही. शेजारचा कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि त्या दिव्यांचा चमकता ठिपका यांच्यातलं अंतर सेकंदाला कित्येकदा मोजतो. त्यावरून नजर पडद्यावर कुठे आहे याचा हिशेब लागतो. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी असते, म्हणून सुरुवातीला पडद्यावर पाच किंवा नऊ ठिपके एकामागून एक दाखवतात आणि त्यांच्याकडे बघायला सांगतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

चांगल्या यंत्राचीही अर्ध्या ते एका अंशाची चूक राहते. साठ सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावर जेमतेम एक सेंटिमीटर. आकडा लहान वाटतो, पण रोजच्या संगणकातली बारीक बटणं त्यात निसटतात. म्हणून सुरुवातीला तीन-चार सेंटिमीटरची बटणं ठेवा.

अपायाचं म्हणाल तर या दिव्यांचा प्रकाश फार सौम्य असतो. त्यासाठी आयईसी 62471 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्र त्यात बसतं का, हे घेताना विचारा. खरा त्रास होतो तो कोरडेपणाचा. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे चुरचुरतात, आणि कोरड्या बुबुळावरचा तो चमकता ठिपकाही फुटका दिसतो. थेंब कोणते आणि किती वेळा घालायचे ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

पलंगावर वापरणार असाल तर पडदा चेहऱ्याला समांतर हवा. उशीवर मान उजवीकडे कलली असेल तर पडदाही तेवढाच कलवा. खोलीला सरळ दिसणारा पडदा त्यांना तिरका असतो. आणि उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे चेहऱ्यावर ऊन येत असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्या. सकाळी चालणारं यंत्र दुपारी बिघडतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी मी आधी खिडकी कुठे आहे ते बघते.

आता एक गोष्ट सांगते. ती मला फार उशिरा कळली. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी एक निवृत्त चित्रकला शिक्षक माझ्याकडे होते. आजार हाच. मी हौसेने अख्खा पडदा बटणांनी भरून टाकला. वर वाक्यं, खाली अक्षरं, बाजूला घंटा आणि दिवा. कुठल्याही बटणावर पाऊण सेकंद नजर थांबली की ते दाबलं जायचं. दहा मिनिटांनी सरांनी डोळे मिटले. दमले असतील म्हणून मी आवरतं घेतलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सरांच्या पत्नी म्हणाल्या, "हे दमले की वेगळे दिसतात. हे दमणं नाही." मग आम्ही पारदर्शक पाटी घेतली. साधा प्लास्टिकचा तुकडा, मध्ये भोक, कडेने अक्षरांचे गट. पाटी मध्ये धरून एकमेकांकडे बघायचं आणि समोरच्याची नजर कुठल्या गटावर जाते ते वाचायचं. सरांनी अक्षर अक्षर करून सांगितलं, "बघायला जागा नाही."

डोळे हे त्या माणसाचं बघायचं साधन होतं, आणि मी त्याचा नुसता माउस करून टाकला होता. जिथे बघावं तिथे काहीतरी वाजायचं, बोललं जायचं. डोळे मिटणं एवढीच एक गप्प राहण्याची जागा त्यांना उरली होती. त्या दिवशी मी पडद्याच्या उजव्या कडेची चार बोटं रुंद पट्टी रिकामी केली. तिच्यावर कितीही वेळ बघा, काहीच होत नाही. सर एक शब्द लिहायचे, पट्टीवर नजर टेकवायचे, विचार करायचे आणि पुन्हा अक्षरांवर यायचे. तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक पडद्यावर अशी जागा असते. तुमच्याकडे यंत्र बसवायला जे येतील त्यांना ती मागा. सोबत 'विराम' असं एक बटणही मागा, म्हणजे सगळं थांबवून त्यांना टीव्ही बघता येईल, तुमच्याकडे बघता येईल.

पहिले दोन आठवडे त्यांना मजकूर लिहायला लावू नका. पत्त्यांचा डाव, बातम्या, जुने फोटो चाळणं एवढंच ठेवा. लिहिणं सुरू झाल्यावर वेग मिनिटाला 5 ते 10 शब्द असेल. सरावलेल्यांचा 20 च्या आसपास जातो. आपण बोलताना मिनिटाला 150 शब्द सहज बोलतो. हा फरक घरातल्या सगळ्यांनी आधीच मनाशी धरला तर पुढची बरीच चिडचिड टळते.

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, बोलत नाही. एका ठिकाणी नजरेच्या यंत्रावर तिची चाचणी घेतली. दोन चित्रांतलं सांगितलेलं चित्र निवडायचं होतं. दहापैकी तीनदाच जमलं. 'तिला समजत नाही, यंत्राचा उपयोग नाही' असं सांगून परत पाठवलं. घरी तर तिला सगळं कळतं असं आम्हाला वाटतं. आमचंच चुकतंय का?

तुमचं चुकत नाहीये. पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण असं परत पाठवलेलं मूल माझ्याकडे दर काही महिन्यांनी येतं.

त्यातल्याच एका मुलीबद्दल सांगते. तुमच्या लेकीपेक्षा थोडी लहान होती. तिच्या चाचणीच्या वेळी नजर कुठे कुठे गेली याची नोंद यंत्रात होती, ती मी हळू वेगाने लावून बघितली. 'चेंडू दाखव' म्हटल्यावर तिची नजर चेंडूवर गेली. अर्धा सेकंद थांबली. मग तिने वळून आईकडे बघितलं. यंत्राला पूर्ण एक सेकंद हवा होता. नजर हलल्याबरोबर त्याने मोजणी शून्यावर आणली, आणि परत येताना ती दुसऱ्या चित्रावर रेंगाळली तेव्हा 'चूक' अशी खूण पडली. दहा वेळा हेच. प्रत्येक वेळी आधी चेंडू, मग आई. 'हाच ना गं?' असं ती आईला विचारत होती. मूल बोलायला शिकतं तेव्हा आधी हेच करतं, वस्तूकडे आणि माणसाकडे आळीपाळीने बघतं. चाचणीत नेमकं तेच चूक धरलं गेलं.

त्या मुलीच्या आईला मी पडद्याच्या बरोबर मागे, वरच्या कडेला चेहरा दिसेल अशी बसवली. थांबण्याची वेळ कमी केली, आणि नजर हलली तरी आधी झालेली मोजणी पुसली जाणार नाही असं करून घेतलं. बऱ्याच यंत्रांत तशी सोय असते. मुलगी तीच होती, चित्रंही तीच. तुमच्या मुलीच्या चाचणीतही अशी नोंद झाली असेल तर ती मागून घ्या.

तिच्या बसण्याकडे बघा. कंबर घट्ट आधारलेली, तळपाय टेकलेले, हाताला टेकू. शरीर डगमगत असलं की मान सावरण्यातच सगळी शक्ती जाते आणि नजर स्थिर करायला काही उरत नाही. त्याचबरोबर, सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांचे डोळे चांगले असतात पण मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लावायला अडचण येते. गजबजलेल्या चित्रातून त्यांना एक वस्तू वेगळी काढता येत नाही, बघायला वेळ लागतो. तिची अशी तपासणी झाली नसेल तर करून घ्या. तोवर काळ्या पार्श्वभूमीवर एका वेळी एकच मोठं, भडक रंगाचं चित्र ठेवा. कॅलिब्रेशनचे नऊ ठिपके जमत नसतील तर एका हलत्या चित्रावरही काम भागतं. एक डोळा तिरळा असेल तर यंत्राला एकाच डोळ्याचा मागोवा घ्यायला सांगता येतं.

आणि परीक्षा घेणं पूर्ण बंद करा. 'बघ, बघ, इकडे बघ' हे शब्दही सोडा. त्याऐवजी बघितलं की फुगा फुटतो, दिवा लागतो, गाणं सुरू होतं असे खेळ द्या. 'मी बघते तेव्हा काहीतरी घडतं' हे तिला स्वतःला सापडायला हवं. त्याला काहींना दोन दिवस लागतात, काहींना सहा महिने. ती निवडत नसली तरी तुम्ही बोलताना तिच्या पडद्यावरची चित्रं बोटाने दाखवत राहा. बोलतं मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. चित्रांच्या भाषेत तिच्याशी कोणी बोललंच नाही तर ती त्या भाषेत उत्तर कसं देणार?

तिच्या पडद्यावरही एक रिकामी जागा ठेवा. तिला नको असेल तेव्हा नजर तिथे जाईल.

प्रश्न: मोठ्या भावाला मेंदूच्या देठाचा स्ट्रोक झाला. शुद्धीवर आहे, सगळं कळतं, पण फक्त डोळे हलतात. यंत्र आणून पाहिलं, डावी-उजवीकडची बटणं लागतच नाहीत. यंत्र खराब आहे का?

यंत्र बहुधा ठीक आहे. मेंदूच्या देठाच्या मधल्या भागाला, ज्याला पॉन्स म्हणतात, पुढच्या बाजूने इजा झाली की हातपाय, चेहरा, वाचा एकदम जातात. डोळे आडवे फिरवणारं केंद्रही तिथेच असतं, त्यामुळे तेही जाऊ शकतं. डोळे वरखाली करणारं केंद्र त्याच्या वर, मध्यमेंदूत असतं. ते वाचतं, आणि वरची पापणीही उचलता येते. म्हणून भाऊ वर-खाली बघू शकतो आणि आडवा नाही. त्याच्यासमोर आडवी मांडणी ठेवणं म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसवण्यासारखं आहे. बटणं एकाखाली एक मांडायला सांगा, किंवा यंत्राने पर्याय एकेक करून उजळत जावं आणि हवा तो आला की भावाने वर बघावं, असं करून घ्या.

पण यंत्राच्याही आधी 'हो' आणि 'नाही' पक्कं करा. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. पापणी मिटण्यावर 'नाही' ठेवू नका, पापण्या आपोआपही मिटतात आणि मग दिवसभर गैरसमज होतात. ठरलेली खूण कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी लावा. रात्री येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती दिसली पाहिजे.

मग अक्षरं. झाँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकांना 1995 साली असाच स्ट्रोक झाला. समोरचा माणूस अक्षरं म्हणत जाई आणि हवं ते आलं की ते डावी पापणी मिटत. असं अख्खं पुस्तक त्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी अक्षरांचा क्रम बदलून, फ्रेंचमध्ये जास्त लागणारी अक्षरं आधी घेतली होती. आपल्या वर्णमालेत तर सोय आयतीच आहे. क ते म ही पंचवीस अक्षरं पाच वर्गांत बसलेली आहेत. आधी वर्ग विचारायचा, 'क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?' वर बघितलं की त्या वर्गातली अक्षरं म्हणायची. 'म' यायला दहा प्रश्न लागतात, सरसकट म्हणत गेलं तर पंचवीस लागले असते. य पासून पुढचा एक गट आणि स्वरांचा एक. मात्रा पहिल्या दिवशी विचारू नका, दोन-तीन अक्षरांत शब्द कळतो. जे अक्षर येईल ते लगेच कागदावर लिहा. लक्षात ठेवायला गेलात तर चौथ्या अक्षराला पहिलं विसरलेलं असतं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दर काही आठवड्यांनी आडवी हालचाल तपासत राहा. काहींमध्ये ती पुढे थोडीफार परत येते.

प्रश्न: चष्मा असेल तर चालतं का? आणि साध्या मोबाईलवर हे होतं का?

साध्या चष्म्याने सहसा अडत नाही. काचेवर दिव्यांची चमक येत असेल तर चष्मा किंवा पडदा किंचित तिरका करून बघा. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह काचा मात्र फार त्रास देतात, कारण पडद्याचा वरचा भाग काचेच्या एका भागातून दिसतो आणि खालचा दुसऱ्या. एका बाईंच्या यंत्रात खालची रांग कधीच लागत नव्हती. पडद्याच्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घेतल्यावर ती लागली.

मोबाईलवर होतं. आयओएस 18 पासून, म्हणजे 2024 पासून, आयफोन 12 आणि त्यानंतरच्या फोनांत पुढच्या कॅमेऱ्यावर नजरेने फोन चालवायची सोय आहे. फोन मात्र हातात न धरता दीड फुटावर पक्का बसवायचा. अँड्रॉइडसाठी गूगलने 2020 साली 'लुक टू स्पीक' आणलं, त्यात डावीकडे, उजवीकडे आणि वर बघून ठरलेली वाक्यं बोलता येतात. विंडोजमध्ये 2017 पासून नजरेच्या नियंत्रणाची सोय आहे, पण तिला वेगळा नजर-कॅमेरा जोडावा लागतो. दिवसभराच्या बोलण्यासाठी फोन पुरेल असं मला वाटत नाही, आपल्या माणसाला हा मार्ग जमतो का हे बघायला मात्र तो चांगला आहे.

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साध्या वेबकॅमवर नजरेने मराठी टाइप करायचा प्रकल्प केलाय. आम्हा चौघा मित्रांवर छान चालतो. पुढे काय सुधारू?

आधी तुमचे चार मित्र बदला. तुम्ही चौघं ताठ बसता, मान स्थिर ठेवता, आणि यंत्र चुकलं तर हसून माउस हातात घेता. ज्याच्यासाठी हे करताय तो कदाचित आडवा असेल, त्याची एक पापणी उतरलेली असेल, श्वासाच्या नळीचा पट्टा गालावरून जात असेल. त्याला माउस नाही. अशा एका माणसाजवळ, त्याची परवानगी घेऊन, एक पूर्ण दिवस बसा. कोड लिहू नका, नुसतं बघा. तुमची सुधारणांची यादी तिथे तयार होईल.

वेबकॅमला इन्फ्रारेडचा ठिपका मिळत नाही, त्यामुळे चूक काही अंशांची, म्हणजे पडद्यावर काही सेंटिमीटरची होते. तेव्हा पन्नास कळांचा कीबोर्ड सोडून द्या. सहा किंवा आठ मोठे चौकोन घ्या आणि दोन टप्प्यांत अक्षर निवडा. वर्गांचं वर लिहिलंच आहे, तीच रचना पडद्यावर सुरेख बसते. पहिल्या पडद्यावर वर्ग, दुसऱ्यावर त्यातली अक्षरं. मात्रांसाठी तिसरा पडदा करू नका. अक्षर निवडल्यावर लगेच त्याच्याभोवती का, कि, की, कु असे पूर्ण जोड दाखवा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण टाइप नंतर होते. बोटांना त्याची सवय होते, नजर मात्र गोंधळते. 'स्वच्छ' लिहायला स, हलन्त, व, च, हलन्त, छ अशा सहा कळा लागतात. दोन टप्प्यांत त्या बारा होतात. शब्द सुचवण्याची सोय मराठीत चैन नाही, तिच्याशिवाय तुमचा कीबोर्ड कोणी आठवडाभरही वापरणार नाही.

दुसरं, थांबण्याची वेळ. वाचताना आपली नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि प्रत्येक ठिकाणी साधारण 200 ते 300 मिलिसेकंद टेकते. तेवढ्यातच बटण दाबलं गेलं तर माणसाला पडदा वाचताच येणार नाही. रॉबर्ट जेकब यांनी 1990 मध्ये या अडचणीला मायडास राजाचं नाव दिलं. हात लावेल त्याचं सोनं होई, म्हणून त्याला जेवताही येईना, तसं हे. सगळ्या कळांना एकच वेळ देऊ नका. अक्षराला कमी, 'पुसा' ला जास्त, 'पाठवा' ला त्याहून जास्त. आणि ती वेळ वापरणाऱ्याला स्वतः नजरेने बदलता आली पाहिजे. सकाळी ताजा असतो तेव्हा त्याला घाई असते, संध्याकाळी नसते. कोणाला तरी बोलावून सेटिंग बदलून घ्यावं लागलं तर तो बदलणारच नाही.

हे आधी कोणी कसं केलं ते जरूर बघा. केंब्रिजच्या डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅके यांनी कळाच काढून टाकल्या. त्यांच्या 'डॅशर'मध्ये अक्षरं समोरून वाहत येतात, ज्याच्याकडे बघाल तिकडे आपण शिरत जातो, आणि पुढे येण्याची शक्यता जास्त असलेलं अक्षर मोठं दिसतं. त्यावरचा त्यांचा लेख 2002 साली 'नेचर'मध्ये आला. 'ऑप्टिकी' हा 2015 पासूनचा मुक्त स्रोत कीबोर्ड आहे, त्याचा कोड उघडून वाचता येतो. आणि 2009 चा 'आयरायटर' माझ्या विशेष आवडीचा. टोनी क्वान हे भिंतींवर अक्षरं रंगवणारे कलाकार, त्यांना एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉनचा आजार, झाला. चष्म्याची फ्रेम आणि खेळाच्या यंत्राचा साधा कॅमेरा वापरून काही कलाकार आणि प्रोग्रॅमर मंडळींनी त्यांना नजरेने पुन्हा रेषा काढता येतील असं साधन केलं, आणि ते कसं बनवायचं हेही सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यांनी आधी त्या माणसाला काय करायचंय ते विचारलं होतं. सुरुवात तिथून करा.

तुमच्या आठ चौकोनांतला एक चौकोन रिकामा ठेवा. कशासाठी, ते पहिल्या उत्तरात आहे.

प्रश्न: हे पत्र मी डोळ्यांनी लिहितोय. तीन दिवस लागले. यंत्राची तक्रार नाही. मी अर्धा शब्द लिहितो. मागून सगळे वाचतात. उत्तर देऊन मोकळे होतात. बहुतेक चुकीचं. मग मी पुसतो. ते म्हणतात, का पुसलं. काय करू. अजून एक

तुमचं पत्र जसं आलं तसं छापलं आहे, एकही अक्षर बदललेलं नाही.

बोलणाऱ्या माणसाचा विचार पूर्ण होईपर्यंत त्याच्या डोक्यातच असतो. तुमचा पडद्यावर, सगळ्यांसमोर तयार होतो. अर्धवट वाक्य वाचणाऱ्याला वाटतं आपण तुमचे कष्ट वाचवतोय. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही लिहिलंच आहे.

काही गोष्टी लगेच करता येतील. तुमच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वरच्या मोठ्या चौकोनात एक वाक्य भरून घ्या: 'मी लिहितोय. मी बोलेपर्यंत वाचू नका.' कोणी मागे आलं की आधी ते वाजवा. दर वेळी वाजवा, पाहुणे असले तरी. पलंगाची किंवा खुर्चीची पाठ भिंतीला लावायला सांगा, म्हणजे मागे उभं राहायला जागाच उरणार नाही आणि भेटायला येणारा समोर बसेल. तुमचा चेहरा बघत वाट पाहणं मागून वाचण्यापेक्षा फार वेगळं असतं, हे बसल्यावर त्यांनाही कळेल. काही यंत्रांना मागच्या बाजूने एक छोटा पडदा असतो, त्यावर फक्त पूर्ण झालेलं वाक्य उमटतं. तुमच्या यंत्राला तो असेल आणि बंद असेल तर सुरू करून घ्या. आणि 'तुमचा अंदाज चुकला, थांबा' हे एका बटणात ठेवा, म्हणजे पुसावंही लागणार नाही आणि समजावावंही लागणार नाही.

कुणाला न दाखवता लिहायची एक फाईलही तुमची असायला हवी. तिला पासवर्ड लावा, तो डोळ्यांनी टाकता येतो. ती लावून देताना घरच्यांना वाईट वाटू शकतं. तरी लावून घ्या.

घरच्यांसाठी इथे वेगळं काही लिहीत नाही. तुम्हाला वाटलं तर हे पान त्यांना दाखवा, नाही वाटलं तर नका दाखवू.

पत्राच्या शेवटी 'अजून एक' इतकं लिहून मजकूर थांबला आहे. पुढे काय होतं याचा अंदाज मी करत नाही. सवडीने लिहा, तीन दिवस लागोत की तीन आठवडे. पुढच्या अंकातल्या सदरात पहिली जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवते आहे.